शकीलाबीचा पहिला रोजा आणि बडनेऱ्यावरील स्वारी

बाळांनो, घटकाभर डोळे मिटा आणि मनात आणा, की माघ सरत आला आहे, ऊन तापू लागले आहे, आणि तुम्ही अमरावतीच्या भर बाजारात उभे आहात. चहूकडे कापूस. गाड्यांत कापूस, ओट्यांवर कापूस, हवेत कापूस. तो लोकांच्या भुवयांवर आणि मिशांवर बसल्यामुळे वीस वर्षांचा गडीही सत्तरीचा दिसतो. आता आणखी मनात आणा, की तुम्ही पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि सूर्य बुडेपर्यंत घ्यायचाही नाही. घसा कोरडा झाला? झाला असेल तर डोळे उघडा आणि ही हकिकत ऐका, कारण ती अशाच एका कोरड्या घशाची आहे.

शके सतराशे पंच्याऐंशी, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, हिजरी सन बाराशे ऐंशी, माघ वद्य नवमी, रमजानचा तेविसावा रोज, ते दिवशी वऱ्हाड प्रांती जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. संवत्सराचे नाव ऐकून भिऊ नये. रक्त सांडले नाही. विलायती सुगंधाचे चार थेंब तेवढे सांडले, आणि त्या चार थेंबांपायी एवढी थोर स्वारी निघाली.

त्या समयी सातासमुद्रांपलीकडे अमेरिका म्हणोन मुलूख आहे, तेथे भाऊबंदांत लढाई जुंपली होती, आणि तेथला कापूस बंद होऊन विलायतेच्या गिरण्या रिकाम्या पडल्या, आणि मग साऱ्या जगाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. येणेकरून आमचे शेतकरी एकाएकी सरदार जाहले. त्यांत राजमान्य खुशालराव पाटील हे अग्रगण्य. त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीचे टोप करविले, आणि बैलांची नावे बादल आणि तुफान अशी ठेविली, आणि स्वतः उन्हात छत्री न उघडता नुसती हाती धरून फिरू लागले, कारण उघडली तर तिची चांदीची मूठ लोकांना दिसत नसे.

खुशालरावांच्या भिंतीला भिंत लागून अब्दुल सत्तार पिंजारी यांचे घर. दोन घरांचा स्नेह बापजाद्यांपासूनचा. अब्दुल सत्तारांची कन्या शकीलाबी, उमर वर्षे नऊ, हिने त्या साली पहिला रोजा धरण्याचा मनसुबा जाहीर केला. तिची दादी हमिदाबी, जिचा हुकूम त्या घरात सुभेदाराच्या हुकमाहून भारी, तिने प्रथम ना म्हटले, मग पोरीचा हट्ट पाहून हो म्हटले, आणि संध्याकाळी रोजा सुटतेवेळी नातलगांस जेवण, पोरीस फुलांचा हार आणि नवी ओढणी असा बेत मुक्रर केला.

हे वर्तमान खुशालरावांस कळताच ते परम संतोष पावले आणि म्हणाले की पोरीच्या पहिल्या रोज्यास नजराणा आमचा. आणि त्यांनी अकोल्याच्या पेठेतून आणलेली एक कुपी काढिली. कुपी निळ्या काचेची, तोंडावर लाल लाखेची मोहर, अंगावर जांभळ्या फुलांचे चित्र आणि विलायती अक्षरे, जी खुशालरावांस वाचता येत नव्हती, म्हणोनच त्यांस फार भारदस्त वाटली. ही कुपी त्यांनी सकाळीच शकीलाबीच्या हाती दिली.

आता पोरीचे काय झाले ते ऐका. तिने मोहर फोडिली, आणि कानामागे एकेक थेंब लाविला, आणि नव्या ओढणीच्या पदरास दोन लाविले, आणि मग कुपीस नाक लावून डोळे मिटून हुंगले. एकदा नव्हे. सात वेळा.

दोन प्रहरी अय्युब अत्तार दारावरून चालले होते. हे गृहस्थ चंदनाचे आणि केवड्याचे अत्तर विकत, आणि विलायती कुप्या बाजारात आल्यापासून त्यांचे मन स्वस्थ नव्हते. त्यांच्या नाकाने दारातच गनीम ओळखला. मग त्यांनी कुपी मागून घेतली, आणि पळीत चार थेंब ओतले, आणि चुलीतला निखारा जवळ नेला. तो पळीत भपकन निळी ज्वाला उठली आणि क्षणात नाहीशी झाली. अय्युब अत्तार उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केले की यात दारू आहे.

एकच हल्लकल्लोळ माजला. आवाज ऐकून खुशालराव जेवत्या पानावरून उठून हातही न धुता धावत आले आणि वादास उभे राहिले, की जळते म्हणोन दारू कशी, तूपही जळते, मग तूप दारू काय? अय्युबांनी जबाब केला की तुपाची ज्वाला पिवळी. खुशालराव म्हणाले की आमचे तूप पाहिले नाही तुम्ही. यावर अय्युब म्हणाले की तुपाचा डाग मागे राहतो, ही चीज डागही न ठेवता उडून जाते, आणि पळी पुढे केली. पळी कोरडी ठणठणीत. हमिदाबीने कुपी चिमट्याने उचलिली आणि अंगणात एका दगडावर नेऊन ठेविली, जसा पकडलेला विंचू ठेवावा तशी.

या साऱ्या गर्दीत ज्या मुलीचा नजराणा, तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. ती भिंतीस टेकून बसली होती. मग ती हळूच म्हणाली, "दादी, म्या सात खेप हुंगलं. थे नाकातून पोटात गेलं असंल. माहा रोजा तुटला का?"

बाळांनो, ध्यानात घ्या, की त्या अंगणात आठ मोठी माणसे होती आणि एकालाही उत्तर ठाऊक नव्हते. अय्युब अत्तारांनी खाली पाहिले, कारण त्यांस कुपीस हरवायचे होते, पोरीच्या रोज्यास नव्हे. अब्दुल सत्तार धावत मशिदीत गेले आणि पेशइमामांस पुसते जाहले. पेशइमाम भले माणूस. त्यांनी सांगितले की फुलाच्या वासाचे मला ठाऊक आहे, त्याने रोजा जात नाही. पण या विलायती पाण्याचे मी कधी पढलो नाही, आणि जे पढलो नाही ते अंदाजाने बोलणार नाही. काजीसाहेब आज बडनेऱ्यास आपल्या बहिणीकडे आहेत, त्यांस पुसा.

मोठ्या माणसाने 'मला ठाऊक नाही' म्हणणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्यामुळे पेच वाढला. हमिदाबीने पोरीस समजाविले की तू लहान, तुझ्यावर अजून रोजा फर्जही नाही, पाणी पी, पुढल्या साली धर. आणि पाण्याचा कटोरा पुढे केला. शकीलाबीने कटोऱ्याकडे पाहिले. दोन प्रहरचे ऊन, पहाटेपासूनची तहान, कटोरा गार. मग तिने तो दोन्ही हातांनी मागे सारिला आणि फर्मावले की तुटला असेल तर काजीसाहेब सांगतील, तोवर मी तोडणार नाही.

हे ऐकून खुशालरावांच्या अंगी वीरश्री संचरली. चूक आमची, तर मोहीमही आमची, ऐसे बोलून त्यांनी बादल आणि तुफान यांस हलक्या दमणीस जुंपविले. बडनेरा तीन कोस. जायचे, पुसायचे, आणि सूर्य बुडायच्या आत परत यायचे, कारण नातलग येणार, आणि रोजा साबूत असेल तर पोर आपल्या घरी, आपल्या दादीपुढे तो सोडणार. हमिदाबीने सक्त ताकीद दिली की सूर्य माझ्या हुकमात नाही, तेव्हा बैल तुमच्या हुकमात ठेवा. मग खुशालराव कासऱ्यावर, मधे शकीलाबी, पाठीशी अब्दुल सत्तार, त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कुपी, ऐसा सरंजाम घेऊन स्वारी कूच करती झाली.

पहिला कोस निर्वेध गेला. दुसऱ्या कोसावर गनिमाची फौज आडवी आली. ही फौज कापसाच्या गाड्यांची. कोणी म्हणतात दोनशे होत्या, कोणी म्हणतात तीनशे. आम्ही दीडशे लिहितो, कारण तेवढ्याच पुरे होत्या. पुढे बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याचे काम चालले होते, मातीचे ढीग पडले होते, आणि वाट एका गाडीपुरती उरली होती. गाड्या चाकास चाक लावून उभ्या. ज्याने रांग सोडली त्याचा नंबर गेला, म्हणोन कोणी तसूभर हलेना. त्या साऱ्यांचा म्होरक्या जानराव, छाती रांजणासारखी, तो पहिल्या गाडीच्या जुवावर बसून पाण्याचा तांब्या तोंडी लावण्याच्या बेतात होता.

खुशालरावांनी छत्री उंच धरून आपली पाटीलकी, आपले गाव आणि आपल्या बैलांची नावे, सारे क्रमाने सांगितले आणि वाट मागितली. जानरावाने तांब्या खाली न ठेवताच जबाब दिला, "पाटील असान तं आपल्या गावचे. अन् शिंगाले चांदी लावली म्हून बैलाले पंख फुटत नाईत. रांगेत लागा."

मागून दहा गाडीवान हसले. एकाने बादल आणि तुफान यांस पाऊस कधी पडणार ते पुसले. खुशालराव संतापाने लाल झाले आणि युद्धास आरंभ होणार, तोच दमणीतून शकीलाबी खाली उतरली आणि जानरावापुढे जाऊन उभी राहिली.

जानरावाने तिचे ओठ पाहिले. "पोरी, कावून तोंड सुकलं तुयं? पाणी पाह्यजे का?"

"नाई. माहा रोजा हाये. पयला. तुटला का नाई, थे काजीले पुसाले चाललो."

"कवापासून पाणी नाई पेली?"

"कोंबडं आरवलं नोतं तवापासून."

जानरावाने हातातल्या तांब्याकडे पाहिले, आणि तो न पिताच जुवाखाली ठेविला. मग तो उठून उभा राहिला आणि अशी हाक दिली की तिसऱ्या शेतातले बगळे उडाले. हाकेचा मतलब एवढाच, की एकेक चाक वावरात घाला, पोरीची गाडी जाऊ द्या, नंबर कोणाचा जाणार नाही, जबान माझी. आणि मग पाहता पाहता दीडशे गाड्यांनी एकेक चाक उजवीकडच्या वावरात उतरविले, आणि कापसाचे डोंगर एका बाजूला कलले, आणि मधून दमणी अशी गेली, जसे सुईतून सूत. गाडीवान एकमेकांस पुसत राहिले की कोण गेले, आणि पहिला दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास सांगत गेला, की एक पोर आहे, तिचा रोजा अडकला आहे.

येणेप्रमाणे स्वारी बडनेऱ्यास दाखल झाली. काजीसाहेब लिंबाखाली बाजेवर बसले होते, उतरत्या दुपारची नमाज नुकतीच पढून. खुशालरावांनी हात जोडून हकिकत आरंभिली, आणि ती अकोल्याच्या पेठेपासून सुरू झाल्यामुळे कुपीपर्यंत येईना. काजीसाहेबांनी बोट वर केले. म्हणाले, "सवाल जिचा, तिनं विचारावा."

शकीलाबी पुढे झाली. तिने चार थेंब सांगितले, सात हुंगणे सांगितले, निळी ज्वाला सांगितली, काही लपविले नाही, आणि मग आपला सवाल केला. काजीसाहेबांनी तिला पुसले की काही जिभेवर गेले का. नाही. गिळले का. नाही. हुंगताना ठाऊक होते का की यात दारू आहे. नाही. काजीसाहेब म्हणाले, "बेटी, वास नाकात येतो आणि जातो. त्यानं पोट भरत नाही, की रोजा तुटत नाही. कातडीला काही लागलं म्हणूनही तुटत नाही. तुझा रोजा साबूत आहे. आणि जे नकळत झालं त्याचा गुन्हा तर मोठ्यांवरही नाही. तू तर लहान."

अब्दुल सत्तारांनी डोळे पुसले. पण शकीलाबी जागची हलली नाही. तिने दुसरा सवाल केला, की मग ते पाणी लावायचे की नाही लावायचे?

बाळांनो, काजीसाहेब आता काय बोलले ते नीट ऐका, कारण ते काळजीपूर्वक बोलले. त्यांनी सांगितले की नशेची चीज पिणे हराम, थोडी काय आणि फार काय, त्यात वाद नाही. वाद आहे तो अंगाला लावण्याचा. द्राक्षाची वा खजुराची दारू असेल तर ती नापाक. लागली असेल तर धुवावी, मग नमाज पढावी. पण धान्याची, मोहाची वा आणखी कशाची असेल तर जुन्या थोर इमामांतही दोन मते आहेत. कोणी म्हणतात की ती पिऊ नये हे खरे, पण लागल्याने अंग वा कपडा नापाक होत नाही. कोणी म्हणतात की जे जे झिंग आणते ते ते सारे नापाक. दोघेही इमानदार, दोघेही विद्वान.

शकीलाबीने पुसले की मग ही कशाची?

काजीसाहेबांनी कुपी हाती घेतली, उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. विलायती अक्षरे त्यांसही येत नव्हती. आत द्राक्षे आहेत की ज्वारी, हे जांभळे फूल काही सांगेना. तेव्हा त्यांनी निवाडा दिला, की ठाऊक नाही म्हणोन मी स्वतः ही लावून नमाजीस उभा राहणार नाही. तूही कान आणि ओढणीचा पदर धुवून टाक. चंदन आहे, केवडा आहे, मोगरा आहे, सुगंधाची वाण पडलेली नाही. पण उद्या कोणी दुसऱ्या मतावर चालून असे काही लावलेले दिसले, तर त्यास गुन्हेगार म्हणू नकोस. आणि ज्याने नजराणा दिला त्याचे मन साफ होते, ते मन तू घे.

हे ऐकून खुशालराव म्हणाले की कुपी मी आत्ताच नाल्यात फेकतो. काजीसाहेबांनी त्यासही मनाई केली. मग तेथेच तह झाला, की कुपी पाटलांकडे परत जावी आणि पाटलांनी ती आपल्या गुडघ्यांना चोळावी, कारण गुडघ्यांची तक्रार त्यांनी हकिकत सांगतानाच दोनदा केली होती. विहिरीवर शकीलाबीने कान धुतले, पदर धुतला. पाणी हातावरून वाहत होते, आणि तिने तोंड घट्ट मिटून ठेविले होते.

सूर्य हातभर उरला होता. स्वारी माघारी फिरली. जानरावाने वाट मोकळी राखली होती आणि तो रांगेच्या बडनेऱ्याकडील टोकास येऊन, रस्त्यात उभा राहून काय ते पुसत होता. अब्दुल सत्तारांनी दमणीतूनच ओरडून सांगितले की साबूत आहे. जानरावाने ते पुढल्या गाडीवानास सांगितले, त्याने त्याच्या पुढल्यास, आणि दीडशे गाड्यांवरून ती खबर अशी धावली, की बादल आणि तुफान जिवाच्या करारावर पळूनही मागे पडले. गाड्या संपल्या तेथून एक घोडेस्वार दलाल गावात चालला होता, त्याने ती उचलली. शेवट असा झाला, की दमणी गल्लीत शिरली तेव्हा हमिदाबी दारात हार घेऊन उभी होती, आणि अय्युब अत्तार केवड्याच्या अत्तरात बुडविलेला फाया घेऊन उभे होते, आणि पोरीने तोंड उघडण्याआधी साऱ्या गल्लीस निवाडा पाठ होता. फाया कानात ठेवताना अय्युबांनी तिची माफी मागितली, हेही नमूद केले पाहिजे.

ऐसी ही मोहीम एका दिवसात फत्ते झाली. कोस सहा चालले. मनुष्यहानी नाही. बैल दोन दमले, ते तिसरे दिवशी पूर्ववत झाले. लूट मिळाली ती एवढीच, की नऊ वर्षांच्या मुलीचा पहिला रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अखंड राहिला. हे पक्के लिहून ठेविले आहे.

मग बांग झाली. दस्तरखान मांडला होता; शकीलाबीच्या गळ्यात हार, हातात खजूर, आणि सारे तिच्याकडे पाहत होते. खुशालराव, परजातीच्या पंगतीस बसू नये या रिवाजाप्रमाणे, जरा दूर, ओसरीच्या खांबापाशी उभे होते. खजूर ओठापाशी नेता नेता ती थांबली, आणि त्यांच्याकडे पाहू लागली. ओठ पांढरे, मिशांवर धूळ.

"काका, तुमी पाणी कधी पेले?"

खुशालरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तू माह्या बाजूले कोरडी बसली होती, पोरी. मले कसं गिळवलं असतं?"

शकीलाबीने खजूर खाली धरला. त्याचे दोन तुकडे केले. सारखे झाले नाहीत. मग ती उठली, ओसरीपर्यंत गेली, खजूर फळ असते आणि फळ कोणाकडचेही चालते हे त्यांना बजावले, आणि मोठा तुकडा पाटलांच्या हातावर ठेवून, ते तोंडात टाकेपर्यंत स्वतःचा हातात धरून उभी राहिली.